विमानताफ्याची निवड

विमानताफ्याची निवड : सेवा वाढवताना कोणत्या जातीची, किती आसनांची आणि किती विमाने घ्यायची, हे विमानकंपनी ज्या हिशेबाने ठरवते तो हिशेब. नवे प्रवासी विमान साधारणपणे २० ते २५ वर्षे उडते आणि मागणी नोंदवल्यावर ते हाती यायला अनेकदा पाच-सात वर्षे लागतात. म्हणजे आज सही करणाऱ्याला पुढच्या दशकातले प्रवासी, इंधनाचा भाव आणि डॉलरचा दर यांचा अंदाज बांधावा लागतो.

बोइंग चांगले की एअरबस, हा वाद विमानप्रेमींचा. कंपनीचा नियोजन विभाग आधी मार्ग मांडतो आणि दोन आकडे काढतो : एका फेरीचा खर्च आणि एका आसनामागचा खर्च. मोठे विमान आसनामागे स्वस्त पडते, फेरीला महाग. एसटी आणि वडाप दोन्हींतून प्रवास केलेल्याला हे वेगळे सांगायला नको. जीप भरली की सुटते. बस अर्धी रिकामी असली तरी वेळेवर सोडावी लागते. सुमारे ५०० प्रवासी नेणारे एअरबस ए-३८० याच गणितात मागे पडले. एकूण २५१ विमाने बनली, त्यांतली १२३ एकट्या दुबईच्या एमिरेट्सने घेतली आणि २०२१ मध्ये शेवटचे विमान सुपूर्द झाल्यावर उत्पादन थांबले. दोन इंजिनांची बोइंग ७८७ आणि ए-३५० लांबच्या शहरांना थेट जोडू लागल्यावर एवढे मोठे विमान रोज भरणे दुबईसारखे केंद्र असलेल्या कंपनीलाच जमण्यासारखे होते.

विमानतळावरची जागाही विमानाचा आकार ठरवते. मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी पूर्ण क्षमतेने वापरता येत नाहीत. उड्डाणाच्या वेळा वाढवून मिळत नसतील, तर प्रवासी वाढवायचा एकच उपाय उरतो : त्याच वेळेला मोठे विमान लावणे. ए-३२० च्या जागी लांब अंगाचे ए-३२१ येते ते यासाठी. लेहला अडचण वेगळी आहे. तिथला विमानतळ समुद्रसपाटीपासून ३,२०० मीटरहून उंच आहे. विरळ हवेत पंख आणि इंजिन दोन्हींचा जोर घटतो. तिथे एअर इंडियाने वर्षानुवर्षे आखूड, हलके ए-३१९ वापरले. इतर मार्गांवर ते आसनामागे महाग पडणारेच विमान.

खरी गंमत नियमांच्या उंबरठ्यांत आहे. भारतात दर ५० आसनांमागे किमान एक केबिन कर्मचारी लागतो. इंडिगोच्या ए-३२० निओमध्ये (ए-३२० ची नव्या इंजिनांची आवृत्ती) १८६ आसने बसवली, तरी चौघांत भागते. ए-३२१ मध्ये आसने २३२ झाली की पाचवा घ्यावा लागतो. स्टार एअर या कोल्हापूरच्या घोडावत समूहाच्या कंपनीने सुरुवात केली ती एम्ब्रेअर १४५ या जेटने; त्यात आसने नेमकी ५०, म्हणजे कर्मचारी एक. दुसरा उंबरठा ८० आसनांचा. त्याहून कमी क्षमतेच्या देशांतर्गत नियमित विमानांना भारतीय विमानतळ प्राधिकरण उतरणावळ आकारत नाही. तिसरा ४० टनांचा : त्याहून हलक्या विमानांच्या इंधनावर विक्रीकर कमी लागतो. आता ७८ आसनांच्या, सुमारे २३ टनी एटीआर ७२-६०० कडे पाहा. हे टर्बोप्रॉप, म्हणजे पंख्यांवर चालणारे विमान, जेटपेक्षा हळू जाते आणि पंख्यांचा आवाजही बराच, पण शेवटच्या दोन्ही उंबरठ्यांच्या अलीकडे बसते. देशातल्या छोट्या विमानतळांवर ते इतके दिसते याचे निम्मे उत्तर या करांत आहे. उरलेले आखूड धावपट्टीत.

ताफ्यात एकच जात ठेवावी, हे सूत्र अमेरिकेच्या साउथवेस्टने रूढ केले. १९७१ पासून तिचा कारभार जवळपास पूर्णपणे बोइंग ७३७ वर चालला. एकच जात असली की कोणताही वैमानिक कोणत्याही विमानावर पाठवता येतो, सुट्या भागांचा साठा आटोपशीर राहतो आणि एक विमान बिघडले तर दुसरे लगेच लावता येते. ए-३१९, ३२० आणि ३२१ यांना वैमानिकांचे टाइप रेटिंग (त्या जातीचे विमान चालवण्याचा परवाना) एकच लागते, म्हणून २००५ मध्ये १०० ए-३२० मागवून सुरू झालेल्या इंडिगोला आकार बदलूनही विमानांची जात एकच ठेवता आली. २०१७ मध्ये एटीआर आणल्यावर तिने हे सूत्र मोडले आणि २०२४ मध्ये ३० ए-३५० मागवताना पुन्हा मोडले. मार्गच बदलले की सूत्राला चिकटून राहण्यात शहाणपण नसते.

सगळा ताफा एका जातीचा असण्यात धोकाही असतो, आणि तो बहुधा इंजिनात लपलेला असतो. ए-३२० निओला प्रॅट अँड व्हिटनी किंवा सीएफएम यांपैकी एक इंजिन निवडता येते. इंडिगो आणि गो एअर यांनी सुरुवातीला प्रॅटचे घेतले. २०१९ मध्ये इंडिगोने पुढच्या २८० विमानांसाठी सीएफएम निवडले. २०२३ मध्ये प्रॅटच्या इंजिनांचे काही भाग ज्या धातूच्या भुकटीपासून बनतात तिच्यातला दोष जाहीर झाला आणि इंडिगोची कित्येक विमाने जमिनीवर बसली, तरी दुसऱ्या इंजिनांची विमाने उडत राहिली. गो एअर (नंतरची गो फर्स्ट) मात्र त्याच वर्षी मे महिन्यात दिवाळखोरीत गेली. तिने दोष प्रॅटच्या इंजिनांना दिला.

किमतीबद्दल फार लिहिण्यात अर्थ नाही, कारण खरी किंमत करारातच राहते. मोठ्या मागणीला छापील दरावर भरघोस सूट मिळते, एवढे सर्वज्ञात आहे. दुसऱ्या निर्मात्याचा प्रस्ताव समोर धरणे हे घासाघिशीचे जुने हत्यार : सगळी ७३७ उडवणारी ब्रिटनची इझीजेट २००२ मध्ये १२० ए-३१९ घेऊन एअरबसकडे गेली. अनेक कंपन्या विमान ताब्यात येताच ते भाड्याने देणाऱ्या कंपनीला विकून तेच विमान भाड्याने परत घेतात आणि जुने झाल्यावर सोडून देतात.

सरकारी मालकीत हिशेब आणखी गुंतागुंतीचा होतो. २००५-०६ मध्ये एअर इंडियाने ६८ बोइंग आणि इंडियन एअरलाइन्सने ४३ एअरबस मागवली. त्यांत आठ बोइंग ७७७-२०० एलआर होती. मुंबई-न्यूयॉर्कसारख्या सलग १५-१६ तासांच्या प्रवासासाठी बनवलेले हे विमान इंधन भरपूर पिते. तेल महागले तसे ते परवडेनासे झाले. त्यांतली पाच पुढे अबुधाबीच्या एतिहादला विकावी लागली. महालेखापरीक्षकांनी २०११ च्या अहवालात या सगळ्या खरेदीवर ताशेरे ओढले. खासगी झाल्यावर याच एअर इंडियाने २०२३ मध्ये ४७० विमाने मागवली : २५० एअरबस आणि २२० बोइंग.