मीन्य, झाक-पॉल

(२५ ऑक्टोबर १८०० – २४ ऑक्टोबर १८७५). फ्रेंच कॅथलिक धर्मगुरू, मुद्रक व प्रकाशक. जन्म मध्य फ्रान्समधील सँ-फ्लूर येथे. ऑर्लेआँ येथे शिक्षण झाल्यावर १८२४ मध्ये त्याला धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली. पुढे प्युइझो या गावी असताना १८३० च्या क्रांतीसंबंधीच्या एका पुस्तिकेवरून वरिष्ठांशी खटका उडाला आणि तो पॅरिसला आला. तेथे १८३३ मध्ये त्याने ‘ल्युनिव्हेर’ हे वृत्तपत्र काढले. ते थोड्याच काळात दुसऱ्यांच्या हाती गेले.

त्याचे खरे काम १८३६ पासूनचे. पॅरिसच्या दक्षिण वेशीबाहेर पेती-माँरूज येथे त्याने ‘आतेलिए कातोलिक’ (कॅथलिक कार्यशाळा) हा छापखाना उभारला. खिळे जुळवण्यापासून बांधणीपर्यंत सगळे एकाच आवारात चाले आणि शेकडो कामगार तेथे राबत. गावोगावच्या गरीब धर्मगुरूच्या कपाटात ख्रिस्ती परंपरेचे सारे मूळ ग्रंथ असावेत, हा त्याचा ध्यास होता. त्यासाठी त्याने किंमत कमी ठेवली, आगाऊ वर्गणीदार मिळवले आणि जुळवलेल्या पानांचे धातूचे ओतीव पत्रे जपून ठेवले. त्यामुळे पुनर्मुद्रणासाठी खिळे पुन्हा जुळवावे लागत नसत.

‘पात्रोलोगिया लातिना’ या लॅटिन ख्रिस्ती ग्रंथकारांच्या लेखनाच्या मालेच्या २१७ खंडांत (१८४४–५५) आरंभीचा ख्रिस्ती लेखक तेर्तुल्यान याच्यापासून १२१६ मध्ये निधन पावलेल्या पोप तिसऱ्या इनोसंटपर्यंतचे लॅटिन लेखन आले, सूचींचे चार खंड नंतर निघाले. ग्रीक ग्रंथकारांच्या ‘पात्रोलोगिया ग्रेका’चे १६१ खंड (१८५७–६६) असून त्यांत ग्रीक मजकुराशेजारी लॅटिन भाषांतर आहे. ग्रंथांची निवड ठरवण्यात बेनेडिक्टाइन संन्यासी-संघातील विद्वान झाँ-बातिस्त पित्रा याचा मोठा वाटा होता. बहुतेक मजकूर नव्याने हस्तलिखिते ताडून नव्हे, तर सतराव्या-अठराव्या शतकांतील छापील आवृत्त्यांवरून घेतला. त्यामुळे जुन्या चुका तशाच राहिल्या आणि घाईमुळे काही नव्या शिरल्या. हा दोष खरा आहे. पण त्यातील कित्येक ग्रंथ त्यानंतर दुसऱ्या कोणी पुन्हा छापलेच नसल्याने अभ्यासकांना आजही मीन्यकडे वळावे लागते. पानावर दोन स्तंभ असून क्रमांक पानांना नव्हे, स्तंभांना दिलेले आहेत. संदर्भ देण्याची ती पद्धत अजून रूढ आहे.

फेब्रुवारी १८६८ मध्ये रात्री लागलेल्या आगीत छापखाना जळाला. लाखो पत्रे वितळले. विम्यातून नुकसान भरून निघाले नाही. त्याने धंदा पुन्हा उभारू नये असे पॅरिसचे आर्चबिशप दार्ब्वा यांनी बजावले. मीन्यने ऐकले नाही, तेव्हा त्याचे धर्मगुरूपदाचे अधिकार स्थगित झाले. मिस्सांसाठी (कॅथलिक प्रार्थनाविधींसाठी) भाविकांनी दिलेल्या दक्षिणेच्या मोबदल्यात पुस्तके देण्याचा त्याचा व्यवहारही चर्चला खटकत होता. १८७४ मध्ये रोमने अशा व्यवहारांचा निषेध केला. पुढच्याच वर्षी त्याचे पॅरिसमध्ये निधन झाले.

नंतर गार्निए या प्रकाशनाने दोन्ही ग्रंथमालांचे पुनर्मुद्रण केले. त्यातील काही खंडांचे स्तंभक्रमांक मूळ आवृत्तीशी जुळत नाहीत आणि छपाईही कमी काळजीची आहे; म्हणून संदर्भासाठी १८६८ पूर्वीचे खंड पसंत केले जातात.