हापशावरचं राजकारण: आयरिश संसदेतला गावाकडचा विरोधी खासदार

डिसेंबर २०१७. आयर्लंडच्या दक्षिण टोकाकडच्या कॉर्क आणि केरी जिल्ह्यांतून एक बस उत्तरेकडे निघाली. आतले प्रवासी बहुतेक वयस्कर आणि सगळ्यांचं दुखणं एकच, मोतीबिंदू. सरकारी रुग्णालयात नंबर लागायची वाट पाहता पाहता नजर जायची वेळ आली होती. म्हणून ही माणसं चारशेहून जास्त किलोमीटर प्रवास करून सीमेपलीकडे, ब्रिटनच्या अखत्यारीतल्या उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला ऑपरेशन करून घ्यायला चालली होती. आदल्या दिवशी निघायचं, रात्री मुक्काम, सकाळी ऑपरेशन, मग परतीचा रस्ता. पैसे आधी पदरचे भरायचे. ज्यांच्याकडे नव्हते त्यांनी क्रेडिट युनियनमधून, म्हणजे आपल्याकडच्या पतसंस्थेसारख्या ठिकाणाहून, कर्ज काढलं. नंतर कागदपत्रं लावून तेच पैसे आयर्लंडच्या आरोग्य यंत्रणेकडून परत मिळवायचे.

ही बस ठरवली होती दोन खासदारांनी: मायकेल कॉलिन्स आणि डॅनी हीली-रे. दोघंही अपक्ष, दोघंही विरोधी बाकावरचे. (१९२२ मध्ये मारले गेलेले स्वातंत्र्यलढ्याचे नेते मायकेल कॉलिन्स वेगळे. हे त्यांचे नामबंधू, मतदारसंघ मात्र त्याच पश्चिम कॉर्कमधला.)

डब्लिनच्या वर्तमानपत्रांत अशा खासदारांसाठी एक ठरलेला शब्द आहे: ‘पॅरिश पंप’ राजकारण. म्हणजे गावच्या हापशाभोवती फिरणारं राजकारण. राष्ट्रीय संसदेत येऊन हे लोक खड्डे, पोस्ट ऑफिस आणि रुग्णालयातल्या खाटा घेऊन बसतात, अशी ती तक्रार. मला ही तक्रार अर्धवट वाटते. हापसा कोरडा पडला की माणसं कुणाकडे जातात आणि त्याच माणसाकडे का जातात, हे पाहिल्याशिवाय आयर्लंडचं राजकारण कळत नाही. त्यासाठी दीडशे वर्षं मागं जावं लागतं.

आयर्लंडला स्वतःची संसद नव्हती तेव्हा आयरिश खासदार लंडनच्या हाऊस ऑफ कॉमन्समध्ये बसत. एप्रिल १८७५ मध्ये कॅव्हनचे जोसेफ बिगर दडपशाहीच्या एका विधेयकावर जवळजवळ चार तास बोलले. सरकारी अहवालांतले उतारेच्या उतारे वाचत त्यांनी वेळ काढला. संख्याबळ नसलं तरी कामकाज अडवून आपलं म्हणणं ऐकायला लावता येतं, हा धडा आयरिश राजकारणानं तिथं गिरवला. पुढे चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल यांनी त्याचं शस्त्र केलं. १८८१ च्या सुरुवातीला तर सभागृहाचं एक सत्र सलग ४१ तास चाललं आणि शेवटी सभापतींनी चर्चाच बंद केली. या साऱ्याच्या मुळाशी जमिनीचा प्रश्न होता. कुळांच्या चळवळीनं १८७९ पासून मेयो जिल्हा पेटला होता. १८८० मध्ये तिथल्याच एका जमीनदाराचा कारभारी कॅप्टन बॉयकॉट याच्याशी गावानं सगळे व्यवहार तोडले आणि त्याचं आडनाव जगभराच्या भाषांत गेलं. राजधानी दूर आहे आणि आपला माणूस तिथं भांडतो आहे, हे नातं त्या काळातच पक्कं झालं. नंतर राजधानी लंडनहून डब्लिनला आली, पण मेयो-केरीच्या शेतकऱ्याला ती फारशी जवळ आल्यासारखी वाटली नाही.

स्वतंत्र आयर्लंडच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहाला डॉइल म्हणतात. त्याची पहिली बैठक २१ जानेवारी १९१९ रोजी झाली. सभासदाला आयरिश भाषेतल्या पदनामावरून सगळे ‘टीडी’ म्हणतात. हा टीडी कसा निवडून येतो, यात अर्धी गोष्ट आहे. एका मतदारसंघातून तीन, चार किंवा पाच जण निवडले जातात आणि मतदार पसंतीक्रम लिहितो: पहिला, दुसरा, तिसरा. आपले आमदार राज्यसभेसाठी असंच मतदान करतात. आयर्लंडमध्ये मात्र हे सर्वसामान्य मतदार करतो. तीन जागांच्या मतदारसंघात वैध मतांच्या चौथ्या हिश्शापेक्षा एक मत जास्त मिळालं की उमेदवार नक्की निवडून येतो. मतदारसंघाच्या एका कोपऱ्याचा भरवसा असलेल्या माणसाला मोठ्या पक्षाचं तिकीट लागतच नाही असा याचा अर्थ. आणखी एक गोष्ट बाहेरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही. एकाच पक्षाचे दोन-तीन उमेदवार एकाच मतदारसंघात समोरासमोर असतात. दोघांचा जाहीरनामा एक, झेंडा एक. मग मतदार निवडतो कशावरून? पेन्शनचा कागद कुणी हलवला, रस्त्यावर डांबर कुणी आणलं, अंत्ययात्रेला कोण आलं यावरून. ही पद्धत बदलण्यासाठी १९५९ आणि १९६८ मध्ये सार्वमत घेतलं गेलं. दोन्ही वेळा लोकांनी नकार दिला.

१९३७ च्या राज्यघटनेत असंही लिहिलंय की दर २० ते ३० हजार लोकसंख्येमागे एक टीडी असावा. महाराष्ट्रात एका लोकसभा खासदारामागे वीस लाखांहून जास्त माणसं असतात. तिकडे टीडीला आपला मतदार नावानं ओळखता येतो आणि मतदार तशी अपेक्षाही धरतो.

त्यात भर म्हणजे दुबळी स्थानिक स्वराज्य संस्था. घरांवरचा स्थानिक कर १९७७ च्या निवडणुकीतल्या आश्वासनानंतर रद्द झाला आणि जिल्हा परिषदा पैशासाठी डब्लिनकडे पाहू लागल्या. आरोग्याचा कारभार २००५ मध्ये एकाच राष्ट्रीय यंत्रणेकडे गेला. २०१४ मध्ये नगर परिषदा बंदच झाल्या. जे प्रश्न दुसऱ्या देशात तालुक्याच्या पातळीवर सुटतात ते इथं राजधानीत जाऊनच सुटतात. मग टीडी संसदेत खड्ड्यांबद्दल बोलला तर दोष त्याचा कसा?

शेतकऱ्यांचे स्वतंत्र पक्षही होऊन गेले. १९२३ मध्ये फार्मर्स पार्टीनं १५ जागा जिंकल्या. १९३९ मध्ये गॉलवे जिल्ह्यातल्या ऍथेनराय इथं ‘क्लान ना टालून’ हा लहान शेतकऱ्यांचा पक्ष निघाला, १९४८ च्या आघाडी सरकारात त्याला जमीन खातं मिळालं, आणि साठच्या दशकात तो संपला. पक्ष टिकले नाहीत. टिकला तो एकटा माणूस.

या एकट्या माणसाचा खरा काळ १९८९ नंतरचा. त्या वर्षी रॉसकॉमनमधून टॉम फॉक्स निवडून आले ते जिल्ह्याचं रुग्णालय वाचवण्याच्या मुद्द्यावर. २००२ मध्ये कॅव्हन-मॉनहनमधून पॉज कॉनली हे मनोरुग्णालयात काम केलेले परिचारक निवडून आले. मुद्दा तोच, मॉनहनचं रुग्णालय. तरीही २००९ मध्ये तिथली तातडीची सेवा गेलीच.

माझ्या मते यांतला सर्वांत बोलका निकाल १९९७ चा, डोनेगॉलचा. तिथल्या डोंगरांमुळे ब्रिटिश वाहिन्यांचे सिग्नल घरापर्यंत पोचत नसत. गावकऱ्यांनी टेकड्यांवर मास्ट उभे करून ते आपले आपण वळवून घेतले होते. सरकारनं परवाना दिला होता दुसऱ्या तंत्रज्ञानाच्या कंपन्यांना, त्यामुळे हे मास्ट बेकायदा ठरले. टॉम गिल्डे नावाचा माणूस केवळ या मुद्द्यावर अपक्ष उभा राहिला आणि थेट डॉइलमध्ये गेला. डब्लिनमध्ये लोकांना हसू आलं असेल. पण लांब हिवाळ्यात डोंगराआडच्या घरातला टीव्ही बंद पडणं ही त्या घरासाठी थट्टा नव्हती. पुढे अशा केंद्रांना परवाने मिळाले.

त्याच निवडणुकीत केरीतून जॅकी हीली-रे आले, किलगार्व्हन गावचे, डोक्यावर कायम सपाट टोपी. पक्षानं तिकीट नाकारलं तेव्हा अपक्ष लढून जिंकले. बर्टी अहर्न यांचं सरकार अल्पमतातलं होतं. जॅकींनी पाठिंबा दिला आणि बदल्यात केरीसाठी कामं मिळवली. ही वाट १९८२ मध्ये टोनी ग्रेगरी या डब्लिनच्याच गरीब वस्तीतल्या अपक्षानं पाडली होती हे टीकाकार विसरतात. सौदा करणारे काही फक्त खेड्यातले नव्हते. जॅकींनंतर मुलगा मायकेल २०११ मध्ये आणि दुसरा मुलगा डॅनी २०१६ मध्ये निवडून आला.

२००८ च्या आर्थिक कोसळणीनंतर गाऱ्हाण्यांना धार आली. जुलै २०११ मध्ये रॉसकॉमन रुग्णालयाचा तातडीचा विभाग बंद झाला. ती सेवा राखू असा शब्द निवडणुकीत दिला गेला होता. सत्ताधारी फाइन गेल पक्षाचे तिथले टीडी डेनिस नॉटन यांनी सरकारविरुद्ध मत दिलं आणि त्यांना संसदीय पक्षातून बाहेर काढण्यात आलं. २०१२-१३ मध्ये १३९ पोलीस ठाणी बंद झाली. २०१८ मध्ये १५९ पोस्ट ऑफिसं बंद होणार असं जाहीर झालं. ज्या खात्याकडे टपाल होतं त्याचे मंत्री त्या वेळी अपक्ष म्हणून सरकारात आलेले नॉटनच होते. विरोधात बसून दार ठोठावणं आणि आत जाऊन ते उघडणं यांत किती अंतर असतं, हे यावरून दिसतं.

मग पीटचा प्रश्न. दलदलीत हजारो वर्षं साचलेल्या वनस्पतींच्या थरातून विटांसारखे तुकडे कापून, उन्हात वाळवून हिवाळ्यात चुलीत जाळायचे ही इथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. युरोपीय निसर्गसंरक्षण कायद्यामुळे ५३ दलदली कापणीला बंद झाल्या. कापणाऱ्यांच्या संघटनेचे नेते मायकेल फिट्झमॉरिस ऑक्टोबर २०१४ च्या पोटनिवडणुकीत रॉसकॉमन-साउथ लीट्रिममधून निवडून आले. या दलदलीत प्रचंड कार्बन साठलेला आहे, त्यांचं रक्षण व्हायलाच हवं. पण ज्या म्हातारीच्या घरात दुसरी शेगडीच नाही तिची बाजूही सभागृहात कुणीतरी मांडायला हवी होती. २०२२ च्या नियमांत दुकानातून आणि ऑनलाइन विक्रीला बंदी आली, पण दलदलीत कापणीचा हक्क असलेल्यांना आपल्या परिसरात पीट विकायची मुभा राहिली. ही तडजोड ग्रामीण टीडींच्या ओरडीशिवाय झाली नसती असं मला वाटतं.

बेलफास्टची बस निघाली तेव्हा पंतप्रधान होते लिओ वराडकर. स्वतः डॉक्टर, माजी आरोग्यमंत्री, वडील मुंबईचे, आणि घराण्याचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. प्रतीक्षायादीचा प्रश्न कॉलिन्स विचारत होते ते अशा पंतप्रधानाच्या सरकारला. सभागृहात हे प्रश्न घुसवण्याची कलाही पाहण्यासारखी असते. येऊ घातलेल्या विधेयकांबद्दल विचारण्याच्या वेळेत एखादा टीडी आरोग्य विधेयकाचं नाव घेतो आणि दुसऱ्याच वाक्यात पश्चिम कॉर्कमधल्या बँट्रीच्या रुग्णालयावर येतो, सभापती थांबवेपर्यंत.

२०२४ च्या निवडणुकीनंतर मात्र विरोधी म्हणायचं कुणाला, हाच वाद पेटला. सरकारला पाठिंबा देणाऱ्या काही अपक्षांनी विरोधी बाकांच्या वाट्याचा बोलण्याचा वेळ मागितला. २२ जानेवारी २०२५ ला एवढा गोंधळ झाला की मायकेल मार्टिन यांची पंतप्रधानपदी निवड दुसऱ्या दिवसावर गेली. फेब्रुवारीत सभापती वेरोना मर्फी यांनी त्या अपक्षांचा गट विरोधी गट म्हणून मान्य करता येणार नाही असा निर्णय दिला. मार्चमध्ये सरकारनं बहुमताच्या जोरावर नियम बदलून त्यांच्यासाठी प्रश्नांचा वेगळा वेळ ठेवला. बसवाल्या त्या दोघांच्या वाटाही वेगळ्या झाल्या. डॅनी हीली-रे सरकारच्या पाठीराख्यांत गेले, त्यांचे भाऊ मायकेल कृषी खात्यात राज्यमंत्री झाले. कॉलिन्स यांनी २०२३ मध्ये ‘इंडिपेंडंट आयर्लंड’ पक्ष काढला होता, फिट्झमॉरिसही त्यात आले होते. निवडणुकीत त्यांचे चौघं निवडून आले आणि ते विरोधी बाकांवर बसले.