परसबाग

परसबाग म्हणजे घराच्या मागच्या मोकळ्या जागेत घरापुरती लावलेली भाजी, फळझाडे, फुले आणि औषधाची चार रोपे. परस किंवा परसू म्हणजे घराची मागची बाजू. ‘परसदार’ हा शब्द त्यातूनच आला, आणि ‘परसाकडे जाणे’ हा वाक्प्रचारही, जो बागेच्या संदर्भात सहसा कोणी आठवत नाही. कोकणात या जागेला परडे म्हणतात, विदर्भात सांदवाडी. गोव्याचे कुळागर हे तिचे मोठे भावंड. त्यात सुपारी, नारळ, केळ, मिरी असे मजल्यामजल्याने पीक असते आणि पाटाचे पाणी खेळवलेले असते, त्यामुळे ते घरखर्चापलीकडे बाजारालाही पुरते. परसबागेतले मात्र विकायचे नसते. जास्त झाले तर शेजारी द्यायचे, एवढाच तिचा व्यापार.

परसबागेचा आराखडा जमिनीने नव्हे, मोरीने ठरवला. न्हाणीचे आणि भांडी घासल्याचे पाणी जिथून वाहते तिथे अळू, केळ, कर्दळ. त्याच्या कडेला, ओल पोचेल पण पाणी साचणार नाही अशा जागी गवती चहा, मिरची, कढीपत्ता. शेवगा कुंपणाशी, कारण त्याला पाणी थोडे पुरते आणि त्याची फांदी ठिसूळ असल्याने घरावर नको. केळ आणि अळू हे सांडपाणी पिऊन टाकत, त्यामुळे परसात डबके होत नसे. ही व्यवस्था शिकेकाई आणि राखेच्या काळातली आहे. साबण आणि धुण्याच्या पावडरीचे पाणी आज तसेच पालेभाजीला सोडणे बरे नाही. केळीला चालून जाते.

अळूबद्दल दोन शब्द जास्त लिहायला हवेत, कारण परसातले हे सर्वांत निगुतीचे पान आहे. वडीसाठी काळ्या देठाचे, फदफद्यासाठी हिरव्या देठाचे, हा भेद घरोघरी माहीत असतो. घसा खवखवतो तो पानांतल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. चिंच, आमसूल किंवा आंबट चुका घालून पान पुरते शिजवले की खाज जाणवत नाही. देठ सोलताना हाताला तेल लावतात तेही याच स्फटिकांपासून बचावासाठी.

वर्षाची सुरुवात मृगापासून, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी होते. पहिल्या पावसानंतर दोडका, घोसाळे, पडवळ, कारले, काकडी, भोपळा यांच्या बिया टोचतात आणि बांबूचा मांडव घालतात. मांडवाखाली लोंबणारे पडवळ सरळ वाढावे म्हणून त्याच्या टोकाला दोऱ्याने खडा बांधतात. श्रावण-भाद्रपदात सगळ्यांच्याच वेलांना एकदम फळ धरते, आणि तेव्हा शेजाऱ्याला दोडका देऊन पडवळ घेणे एवढाच उपाय उरतो.

या ऋतूचे सर्वांत खरे चित्र ऋषिपंचमीच्या भाजीत दिसते. भाद्रपद शुद्ध पंचमीला बैलाच्या श्रमाचे काही खायचे नाही, असा नियम आहे. नांगराचे धान्य बाद झाले की उरते ते हाताने लावलेले, म्हणजे परसातले: अळू देठासकट, लाल माठ, लाल भोपळा, पडवळ, दोडका, भेंडी, सुरण, अंबाडी, मक्याची कोवळी कणसे. कडक पाळणाऱ्या घरांत फोडणीही नसते. मिरची, ओले खोबरे आणि आंबटपणाला चिंच किंवा आमसूल. ‘स्थानिक आणि हंगामी खा’ हा आजचा उपदेश एका पातेल्यात मावतो तो असा. मात्र हल्ली गणपतीच्या दिवसांत मंडईत या भाजीचे चिरलेले वाटेच मिळतात, आणि त्यांत फरसबीही निघते.

चातुर्मासात वांगे वर्ज्य मानतात. या नियमाला पावसाळ्यातल्या अळीचे कारण जोडण्याची आता पद्धत पडली आहे. स्वयंपाकघराच्या बाजूने पाहिले तर परिणाम एवढाच, की चार महिने न खाल्लेले वांगे थंडीत चवीला येते तेव्हा चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्यात भरीत आणि रोडगा म्हणून समोर येते. संक्रांतीच्या आदल्या दिवशीची भोगीची भाजी हा त्यापुढचा टप्पा: हरभरा, पावटा, गाजर, वांगे, तीळ, आणि सोबत बाजरीची भाकरी. हिवाळ्याच्या वाफ्यात मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर, चाकवत असतात. मेथी तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर येते आणि महिन्याभरात खुडता येते. कोथिंबिरीसाठी धणे हलके रगडून दोन फाकी करून पेरावे लागतात, आणि उन्हाळ्यात ती लगेच फुलावर जाते. तेव्हा माठ, तांदुळजा आणि गवार यांवर भागवावे.

खत म्हणून शेणखत, लेंडीखत, पालापाचोळा आणि स्वयंपाकघरातली सालेदेठे. ओल्या कचऱ्यावर तितकाच किंवा जास्त कोरडा पाला टाकला नाही तर वास सुटतो, आणि बहुतेकांचे खत करणे तिथेच थांबते. मावा या किडीवर चुलीची राख सकाळच्या दवात धुरळत. चूल गेली तशी राख गेली. आता निंबोळी अर्क वापरतात. लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम निंबोळीची पूड रात्रभर भिजवून, गाळून संध्याकाळी फवारायची. नैसर्गिक शेतीचे प्रसारक सुभाष पाळेकर यांच्यामुळे घरोघर पोचलेल्या जीवामृत या पातळ खताची मूळ कृती २०० लिटर पाणी, १० किलो शेण, गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि मूठभर माती अशी एकरी हिशेबाची आहे. चार कुंड्यांसाठी ती जशीच्या तशी सांगणारे लोक आहेत.

बियाणे हा परसबागेचा गाभा होता. दोडका, घोसाळे वेलीवरच वाळवून आढ्याला टांगत. बी आत सुखरूप, आणि घोसाळ्याचा सांगाडा अंग घासायला. भोपळ्याच्या बिया शेणात थापून भिंतीला लावत, वालाच्या बिया मडक्यात राखेत ठेवत. संकरित बियाणे आल्यावर हे मोडले, कारण त्याच्या फळातले बी पेरले तर पुढचे पीक आईसारखे येत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी असे जुने वाण घराघरांतून गोळा करून जपले, ग्रामविकासाचे काम करणाऱ्या बायफ संस्थेच्या मदतीने त्यांची बीज बँक उभी राहिली, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

परसबागेकडे पोषणाचे साधन म्हणून सरकारी यंत्रणा पाहू लागली ते अलीकडे. उमेद या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातून बचतगटांच्या महिलांकडून पोषण परसबागा करवून घेतल्या जातात. त्यांतला एक नमुना वर्तुळाकार असतो: मधोमध काडीकचऱ्याचा खड्डा, भोवती वारागणिक एक असे सात वाफे.

शहरातल्या बागेचे नाव तेच, पण जात वेगळी. तिला परस नाही, मोरीचे पाणी नाही, जमीनही नाही. शेतीत स्वतः प्रयोग करणाऱ्यांच्या ‘प्रयोग परिवारा’चे श्रीपाद अच्युत दाभोळकर, जे पेशाने गणिताचे अध्यापक होते, दहा गुंठ्यांत पाच माणसांचे कुटुंब नीट जगू शकते असे मांडत. त्यांच्या विचारातून पाला, उसाचे चिपाड आणि थोडी माती एवढ्यावर गच्चीतले वाफे करणारे बरेच लोक तयार झाले. गच्चीवर ही काटकसर चैनीची नव्हे, गरजेची असते. एक घनफूट ओली माती सुमारे ४५ ते ५० किलो भरते; दहा फूट लांबरुंद आणि फूटभर खोल वाफा मातीनेच भरला तर साडेचार-पाच टन वजन स्लॅबवर येते.

फळभाजीला किमान पाच-सहा तास थेट ऊन लागते, पालेभाजी तीन-चार तासांवर निभावते. उत्तरेच्या बाल्कनीत टोमॅटो लावून खट्टू होण्यापेक्षा पुदिना लावावा. उंच मजल्यांवर दुसरी अडचण येते: वेल फुलतो, फळ धरत नाही. भोपळवर्गात नर आणि मादी फुले वेगळी असतात. मादी फुलाच्या देठाशी इवलेसे फळ असते. मधमाशी आली नाही तर नर फुल तोडून, पाकळ्या काढून, त्याचा पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलक्या हाताने टेकवावा. लाल भोपळ्याला हे सकाळी लवकर, कारण दुपारी फूल मिटते; दुधी आणि दोडका संध्याकाळी उमलतात, त्यांना दिवेलागणीच्या सुमारास.