पर्यायी गुंतवणूक निधी आणि अनिवासी गुंतवणूकदार

पर्यायी गुंतवणूक निधी : मोजक्या गुंतवणूकदारांकडून खासगीरीत्या पैसा गोळा करून तो आधी ठरलेल्या धोरणानुसार गुंतवणारा, सेबीकडे (रोखे बाजाराच्या नियामकाकडे) नोंदलेला निधी. बोलताना सगळे ‘एआयएफ’ म्हणतात. शेअर बाजारात न नोंदलेल्या कंपन्या, नवउद्योग, बांधकाम प्रकल्पांना दिलेली कर्जे, पायाभूत सुविधा अशा ठिकाणी हा पैसा जातो. तिसऱ्या वर्गातले निधी (वर्गांची माहिती पुढे आहे) नोंदलेले शेअर व डेरिव्हेटिव्ह, म्हणजे शेअर वगैरेंच्या भावावर बेतलेले करारही घेतात. म्युच्युअल फंडाप्रमाणे याची जाहिरात करून कोणाकडूनही पैसे घेता येत नाहीत. किमान गुंतवणूक एक कोटी रुपये आणि एका योजनेत जास्तीत जास्त 1000 गुंतवणूकदार, अशी सर्वसाधारण मर्यादा आहे. परदेशी नागरिक, परदेशी संस्था आणि अनिवासी भारतीय यांना या निधीत पैसे गुंतवता येतात. मात्र त्यांच्यासाठी परताव्याच्या आकड्याआधी पाहायची गोष्ट वेगळी आहे : पैसा कोणत्या खात्यातून आत आला आणि कोणत्या वाटेने बाहेर जाणार.

सेबीने यासंबंधीचे नियम मे 2012 मध्ये लागू केले आणि 1996 पासूनचे साहस भांडवल (नवउद्योगांत जोखीम घेऊन घातलेला पैसा) निधीचे नियम मागे पडले. निधींचे तीन वर्ग केले गेले. पहिल्यात साहस भांडवल, लघुउद्योग, सामाजिक उपक्रम व पायाभूत सुविधा येतात. दुसऱ्यात खासगी भागभांडवल (न नोंदलेल्या कंपन्यांत वाटा घेणारे) आणि कर्ज देणारे निधी येतात. तिसऱ्यात उधारीचा आधार घेऊन गुंतागुंतीचे व्यवहार करणारे, म्हणजे हेज फंडाच्या धाटणीचे निधी. पहिले दोन वर्ग मुदतबंद (मध्येच पैसे काढता न येणारे) असून त्यांची मुदत किमान तीन वर्षांची असते. प्रत्यक्षात ती सात-आठ वर्षांची असणे नेहमीचे. या दोन वर्गांतील निधीला गुंतवणूकयोग्य रकमेच्या 25 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम एका कंपनीत घालता येत नाही. प्रायोजकाने (निधी उभा करणाऱ्याने) किंवा व्यवस्थापकाने स्वतःचे पैसेही त्यात ठेवायचे असतात : निधीच्या 2.5 टक्के किंवा पाच कोटी रुपये, यांपैकी जे कमी असेल ते. मोठ्या निधीत हा वाटा नगण्य ठरतो, म्हणून व्यवस्थापकाने किमानापेक्षा किती जास्त रक्कम घातली आहे हे विचारायलाच हवे.

असा पैसा कुठे जातो याचे मुंबईतले उदाहरण म्हणजे ‘स्वामीह’ निधी. रखडलेल्या परवडणाऱ्या व मध्यमवर्गीय घरांचे प्रकल्प पूर्ण करण्यासाठी केंद्र सरकारने नोव्हेंबर 2019 मध्ये ही योजना जाहीर केली. तो दुसऱ्या वर्गातला निधी असून त्याचे व्यवस्थापन स्टेट बँक समूहातील एक कंपनी करते. बोरिवलीतील रिवाली पार्क हा या निधीच्या पैशातून पूर्ण झालेला पहिला गृहप्रकल्प. 2021 च्या मे महिन्यात तेथील घरांचे ताबे दिले गेले. त्यातले पैसे मुख्यतः सरकार आणि मोठ्या वित्तसंस्थांचे आहेत. पण अर्धवट इमारतीला शेवटचे कर्ज देऊन ती पुरी करायची आणि घरे विकली गेली की वसुली करायची, ही पद्धत खासगी स्थावर निधीही वापरतात.

पैशाची वाट

परकी चलन व्यवस्थापन कायद्याखालच्या 2019 च्या नियमांनुसार भारताबाहेरच्या व्यक्तीला या निधीचे युनिट (निधीतले वाटे) घेता येतात. पैसा परदेशातून बँकेमार्फत यावा लागतो किंवा अनिवासींच्या एनआरई (परदेशी कमाईचे, रुपयातले) अथवा एफसीएनआर (परकी चलनातले मुदत) खात्यातून द्यावा लागतो. असे घेतलेले युनिट परत नेण्याजोगे असतात, म्हणजे कर वजा जाता मुद्दल आणि नफा दोन्ही परदेशी नेता येतात. दुसरी वाट अनिवासी भारतीयांसाठी व परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे कार्ड असणाऱ्यांसाठी आहे. भारतातील भाडे, वडिलोपार्जित जमिनीच्या विक्रीचे पैसे असे जे एनआरओ खात्यात साठते, त्यातून ‘परत न नेण्याच्या’ तत्त्वावर गुंतवणूक करता येते. ती देशी गुंतवणूक मानली जाते. पुढे पैसे सुटले की ते पुन्हा एनआरओ खात्यातच जमा होतात आणि तेथून एका आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरच्या मर्यादेतच बाहेर नेता येतात, तेही कर भरल्याचे दाखले जोडून.

हा निर्णय पहिल्या धनादेशाच्या वेळी होतो आणि नंतर सहज बदलत नाही. पुण्यातला फ्लॅट विकून आलेले पैसे आणि दुबईच्या पगारातून साठवलेले पैसे एकाच निधीत घालायचे असतील, तर दोन्हींसाठी वेगवेगळे खाते क्रमांक उघडणे शहाणपणाचे. बँकेकडून परकी चलन आल्याचा दाखला पहिल्या दिवसापासून जपून ठेवावा. सात वर्षांनी तो शोधत बसणे फार त्रासाचे होते. परत नेण्याजोगे युनिट दिले की निधीला 30 दिवसांत रिझर्व्ह बँकेकडे ‘इन्व्ही’ नमुन्यात तसे कळवावे लागते. ते कळवल्याची पोच मागून घ्यावी.

डिसेंबर 2022 पासून सेबीने आणखी एक अट घातली आहे. परदेशी गुंतवणूकदार ज्या देशात राहतो, त्या देशाच्या रोखे नियामकाचा सेबीशी थेट करारामार्फत किंवा आंतरराष्ट्रीय नियामक संघटनेच्या बहुपक्षीय करारामार्फत माहिती देवाणघेवाणीचा संबंध असला पाहिजे.

हप्ते, शुल्क आणि रुपया

एक कोटीचा करार केला म्हणजे एक कोटी लगेच द्यायचे नसतात. व्यवस्थापक गरजेनुसार रक्कम मागवतो. याला ‘ड्रॉडाऊन’ किंवा ‘कॅपिटल कॉल’ म्हणतात. सूचना येते ती बहुधा थोड्याच दिवसांची, आणि मुदत चुकली तर करारानुसार व्याज लागते, टोकाला युनिट जप्तही होऊ शकतात. परदेशातून पैसे पाठवणाऱ्याची अडचण इथेच होते. तिकडची बँक मोठ्या रकमेसाठी कागद मागते, मध्ये सुट्या येतात. पैसे जोडीदाराच्या खात्यातून गेले तर निधी ते परत पाठवतो, कारण रक्कम गुंतवणूकदाराच्या स्वतःच्या नावावरच्या खात्यातूनच यावी लागते. म्हणून पुढच्या दोन हप्त्यांची रक्कम एनआरई खात्यात आधीच आणून ठेवणारे लोक निर्धास्त असतात. भारतातल्या भावाला किंवा बहिणीला मुखत्यारपत्र द्यायचे असेल, तर परदेशात केलेल्या मुखत्यारपत्रावर ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरावे लागते.

व्यवस्थापन शुल्क साधारण दोन टक्क्यांच्या आसपास असते, त्यावर 18 टक्के वस्तू व सेवा कर. आणि ठरलेल्या किमान परताव्याच्या वर गेल्यास नफ्यातला वाटा, बहुधा 20 टक्के. सुरुवातीच्या वर्षांत शुल्क कापले जाते आणि नफा अजून आलेला नसतो, त्यामुळे पहिली दोन-तीन वर्षे निधीकडून येणाऱ्या विवरणपत्रात तोटाच दिसतो. वितरकामार्फत न जाता थेट योजनेतून गेल्यास त्याचे कमिशन वाचते. 2023 पासून असा पर्याय देणे सेबीने निधींना बंधनकारक केले आहे.

रुपयातला आकडा आणि घरच्या चलनातला आकडा यांत किती अंतर पडते, हे हिशेबाने पाहावे. समजा 2017 मध्ये डॉलर 65 रुपयांना असताना एक कोटी रुपये एकरकमी दिले आणि सात वर्षांनी, डॉलर 84 रुपयांना असताना, करपूर्व सव्वादोन कोटी मिळाले. रुपयात हा परतावा वर्षाला सुमारे 12.3 टक्के पडतो. डॉलरमध्ये सुमारे 1,53,800 चे 2,67,900 झाले, म्हणजे वर्षाला जेमतेम 8.2 टक्के. निवृत्तीनंतर कोकणात किंवा गोव्यात परतायचे असेल तर पहिला आकडा खरा. मुलांची फी न्यू जर्सीत भरायची असेल तर दुसरा.

कर

पहिल्या व दुसऱ्या वर्गांच्या निधींना 2015 च्या वित्त कायद्याने ‘पास-थ्रू’ दर्जा दिला. धंद्याचे उत्पन्न सोडता बाकीच्या उत्पन्नावर निधी कर भरत नाही. ते थेट गुंतवणूकदाराचे समजले जाते. अनिवासींच्या बाबतीत निधी लागू दराने कर कापून घेतो. दुहेरी कर टाळण्याच्या कराराचा लाभ हवा असेल तर राहत्या देशाचा करनिवासी दाखला दर वर्षी द्यावा लागतो. नवख्या माणसाला हमखास अडवणारी बाब अशी की, निधीने उत्पन्न वाटले नाही तरी वर्षअखेर ते गुंतवणूकदाराच्या खाती जमा झाल्याचे धरले जाते. हातात रुपया नसतानाही कराचा हिशेब करावा लागतो. तिसऱ्या वर्गाला हा दर्जा नाही, तेथे कर बहुधा निधीच भरतो. 23 जुलै 2024 नंतरच्या दीर्घकालीन भांडवली नफ्यावर मूळ दर 12.5 टक्के आहे. न नोंदलेल्या शेअरसाठी दीर्घकाळ म्हणजे 24 महिन्यांहून अधिक.

अमेरिकेतल्या करदात्याची गोष्ट वेगळी आणि जास्त कडक आहे. तेथील नियमांत असा निधी ‘निष्क्रिय परकी गुंतवणूक कंपनी’ ठरला, तर जाचक करआकारणी आणि प्रत्येक निधीमागे वेगळा नमुना भरणे वाट्याला येते. ही चौकशी तिकडच्या कर सल्लागाराकडे सही करण्याआधी करायची असते.

गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत डॉलरमध्ये चालणारे निधी 2022 च्या स्वतंत्र नियमांनंतर वाढू लागले. तेथील प्राधिकरण वेगळे आहे, सेबी नाही. ‘प्रतिबंधित’, म्हणजे सर्वांसाठी खुल्या नसलेल्या योजनेत किमान रक्कम दीड लाख डॉलर लागते. ठरावीक अटींत अनिवासी गुंतवणूकदाराला भारतात प्राप्तिकर विवरणपत्र भरण्यापासूनही सूट मिळते. आत-बाहेर जाणारा पैसा डॉलरमध्ये असला तरी निधीने घेतलेली मालमत्ता रुपयातली असेल, तर रुपयाच्या घसरणीचा धोका तसाच राहतो.

मुदत संपल्यावर

दोन तृतीयांश मूल्याच्या युनिटधारकांच्या संमतीने मुदत आणखी दोन वर्षांपर्यंत वाढवता येते. तोवर युनिट विकून बाहेर पडणे नावापुरतेच शक्य असते, कारण घेणारा सापडत नाही आणि सापडला तर मोठी सूट मागतो. मुदतीनंतरही काही मालमत्ता विकली गेली नाही, तर 75 टक्के मूल्याच्या संमतीने पैशाऐवजी ती मालमत्ताच वाटता येते. परदेशात बसलेल्या माणसाच्या डिमॅट खात्यात मग न नोंदलेल्या कंपनीचे शेअर येऊन पडतात. ज्याला ते घ्यायचे नसतील, त्याच्या वाट्याची गुंतवणूक निर्लेखित केली जाते, म्हणजे बुडीत धरून हिशेबातून काढली जाते.