दहा फुटांना एक फासा

नेरूळला आमच्या रविवारच्या टेबलावर 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' चालतो : प्रत्येकाने एक पात्र व्हायचं, गोष्ट पुढे न्यायची, निकाल फाशांवर. परवा हा खेळ तासभर अडला. गोष्टीतला डंपर पाम बीच रोडवर ताशी ६० किमीने येऊन उभ्या रिक्षाला मागून ठोकतो. डॅमेज, म्हणजे इजा, किती फासे टाकून मोजायचं? डीएमने, म्हणजे गोष्ट चालवणाऱ्याने, नियमांचं पुस्तक चाळलं. धडकेचा नियम सापडला नाही, उंचावरून पडण्याचा सापडला.

हा नियम जुना. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली युद्धखेळांतून निघाला, आणि त्या खेळांतली फासे-तक्त्यांची पद्धत १८२४ च्या प्रशियन 'क्रीगस्पील'पर्यंत मागे जाते. पण तिथे पलटणी मरायच्या, कड्यावरून घसरणारा एकटा माणूस हिशेबात नव्हता. १९७८ च्या खेळाडूंच्या पुस्तकात त्याची सोय झाली : दर १० फुटांना सहा बाजूंचा एक फासा, जास्तीत जास्त २०.

१९८३ च्या सुमारास खुलासा आला की मूळ हेतू वेगळा होता. पहिल्या १० फुटांना एक, पुढच्या १० ना आणखी दोन, मग आणखी तीन. म्हणजे ३० फुटांना सहा फासे. पडताना वेग वाढत जातो ना! यावर १९८४ साली 'ड्रॅगन' मासिकात रीतसर भौतिकशास्त्र झालं. वेग वाढतो हे खरं, पण जमिनीवर आदळतानाची गतिज ऊर्जा उंचीच्या सरळ प्रमाणात असते. उंची दुप्पट, ऊर्जा दुप्पट. म्हणजे साधा, भाबडा वाटणारा नियमच बरोबर. मला हे उत्तर आजही भारी वाटतं.

कारण त्यात धडकेचा नियमही दडलेला आहे. १० फुटांवरून पडलेला माणूस ताशी २८ किमीने आदळतो, ४० फुटांवरून ५६ ने. वेग दुप्पट, फासे चौपट.

गाड्यांची धडक मोजणाऱ्या खेळांनी मात्र दुसरी वाट धरली. १९८० च्या दशकातल्या 'कार वॉर्स'मध्ये समोरासमोरच्या धडकेत वेगांची बेरीज, मागून ठोकलं तर वजाबाकी, आणि वर वजनाचा गुणक. 'गर्प्स' या कुठल्याही गोष्टीला चालणाऱ्या खेळाच्या २००४ च्या आवृत्तीत हिट पॉइंट (मार सोसायची ताकद) गुणिले वेग, भागिले १००. वेग सेकंदाला यार्डांत. १०० हिट पॉइंटची गाडी २० यार्डांनी, म्हणजे ताशी साधारण ६६ किमीने आली की २० फासे. इथे वेगाचा वर्ग नाही. वर्ग घेतला तर हायवेवरच्या धडकेला फासे पिशवीतून ओतावे लागतील, त्यापेक्षा ही तडजोड बरी.

आम्ही पडण्याचाच नियम लावला. डंपर रिक्षाच्या कैक पट जड, त्यामुळे रिक्षा क्षणात जवळजवळ त्याच्याच वेगाने फेकली जाते. डंपर रिकामा की खडीने भरलेला, याने फारसं बिघडत नाही. ताशी ६० म्हणजे साधारण ४६ फुटांवरून पडणं. पाच फासे. टाकले, बेरीज ११ आली.

रिक्षावाल्याचे हिट पॉइंट ४ होते.