दारू काळी, पाणी गरम: ठासणीच्या पिस्तुलामागची गोष्ट

उत्तर इटलीत ब्रेशिया शहराजवळच्या दरीत गार्दोने वाल त्रोम्पिया नावाचं गाव आहे. काळ्या दारूवर, म्हणजे बंदुकीच्या जुन्या धुराच्या दारूवर, चालणारी जी नवी पिस्तुलं आणि रिव्हॉल्व्हर जुन्या हत्यारांच्या प्रतिकृती म्हणून आज जगभर विकली जातात, त्यांतली बरीचशी या गावात आणि आसपासच्या कारखान्यांत बनतात. इथल्या बेरेट्टा घराण्याने १५२६ साली व्हेनिसच्या शस्त्रागाराला बंदुकीच्या १८५ नळ्या पुरवल्या, त्याची नोंद अजून जपलेली आहे. त्यानंतर २३ वर्षांनी, १५४९ मध्ये, अहमदनगरला मुहम्मद बिन हुसेन रूमी याने मलिक-ए-मैदान तोफ ओतली. सुमारे ५५ टनांची ही तोफ पुढे परांड्याच्या किल्ल्यावर होती. १६३२ मध्ये ती तिथून विजापूरला नेली गेली आणि आजही तिथल्याच बुरुजावर आहे. वाल त्रोम्पियातल्या नळीत आणि परांड्याच्या तोफेत पडणारी दारू मात्र एकाच जातीची होती: शोरा, गंधक आणि कोळसा.

हे आधी सांगण्याचं कारण असं की मराठवाड्यातल्या तरुण मुलांना हल्ली या प्रतिकृतींचं फार आकर्षण वाटतं. मोबाइलवर कुणी परदेशी माणूस सहा बारी रिव्हॉल्व्हरमध्ये दारू-गोळी ठासताना दिसतो, धुराचा लोट उठतो, आणि मग तो ते हत्यार चक्क साबणाच्या पाण्यात बुडवतो. बघणारा चक्रावतो. आपल्याकडे लोखंडाला पाणी लागू द्यायचं नाही, हे लहानपणापासून ऐकलेलं असतं. पाठोपाठ दुसरा प्रश्न येतोच: असलं पिस्तूल आपल्याला ठेवता येईल का? या दोन्ही प्रश्नांची उत्तरं पिस्तुलात सापडत नाहीत. पहिल्याचं उत्तर दारूत आहे आणि दुसऱ्याचं कायद्यात.

काळी दारू जळून तिचा पूर्ण वायू होत नाही, ही सगळ्याच्या मुळाशी असलेली गोष्ट. तिच्या वजनाचा निम्म्याहून कमी भाग वायू होऊन गोळीला ढकलतो. उरलेला निम्म्याहून जास्त भाग घनरूप असतो. त्यातला काही पांढऱ्या धुरावाटे बाहेर पडतो आणि बाकीचा नळीच्या आत काळ्या थराच्या रूपाने चिकटून बसतो. दारूत शोरा सर्वांत जास्त, जवळपास तीन चतुर्थांश. त्यामुळे या थरात पोटॅशियमचे क्षार भरलेले असतात. हे क्षार हवेतली ओल ओढून घेतात. पावसाळ्याच्या दिवसांत रात्रभर तसंच ठेवलेलं हत्यार सकाळी आतून तांबूस झालेलं दिसतं ते यामुळे. क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. न धुता वरून तेल चोपडलं तर गंज तेलाखाली निवांत वाढत राहतो.

जुन्या कारागिरांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हतं, पण हे पक्कं ठाऊक होतं. शोरा कुठून येतो हेही त्यांना माहीत होतं: जुन्या गावठाणाच्या आणि गोठ्याच्या मातीत तो पांढरा फुटतो. ती माती पाण्यात कालवायची, गाळायची, आटवायची. शोरा पाण्याने काढायचा आणि त्याची राख पाण्यानेच धुवायची, हा व्यवहार त्यांच्या हाताखालचा होता. देवगिरीवर मेंढा तोफ बघायला लोक जातात. तिच्या मागच्या टोकाचं मेंढ्याचं तोंड बघून, फोटो काढून परततात. तोफेच्या बाराइतकंच महत्त्वाचं काम बारानंतरचं असे, ते कुणी सांगत नाही. ओला कुंचा नळीत घालून आतली काजळी आणि धुमसणारे निखारे विझवल्याशिवाय पुढचा बार भरणं म्हणजे गोलंदाजाने स्वतःचा हात तोफेच्या तोंडी देणं.

हातातली बंदूक आधी तोड्याची होती. पेटती वात घोड्याला अडकवलेली, चाप ओढला की ती नळीच्या कानातल्या रंजकीवर, म्हणजे पेट देणाऱ्या बारीक दारूवर, पडायची. दख्खनमध्ये ही बंदूक फार काळ टिकली, कारण ती गावचा लोहार दुरुस्त करू शकत असे. तोड्याचं पिस्तूल मात्र विरळाच. कमरेला किंवा खोगिराला पेटती वात लटकवून घोडदौड कोण करणार? पिस्तूल सर्रास वापरात आलं ते चकमकीच्या चापामुळे. गारगोटी पोलादावर आपटली की ठिणगी पडते, त्यामुळे हत्यार भरून ठेवता येतं. आज प्रतिकृती म्हणून जी पिस्तुलं विकली जातात ती या चकमकीची तरी असतात, नाहीतर त्यानंतरच्या, ठोक्याने पेटणाऱ्या टोपीची.

चकमकीच्या बंदुकांची मोठी लढाई आपल्याच भूमीवर झाली. जालना जिल्ह्यात, केळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यात असई गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीची फौज शिंदे आणि भोसल्यांच्या फौजेवर चालून गेली. इंग्रजांकडचे ४२८ ठार आणि हजारावर जखमी झाले. इंग्रज पायदळाच्या बंदुकीची नळी पाऊण इंच व्यासाची होती, पण गोळी मुद्दाम बरीच बारीक, पाऊण इंचाला साधारण अर्धा दोरा कमी अशी दिली जात असे. हे कारागिराच्या चुकीने होत नव्हतं. दहा-बारा बार काढले की नळीत किटण इतकं साचतं की नेमक्या मापाची गोळी गजाने ठोकूनही उतरत नाही. रणात धुवायला वेळ नसतो, म्हणून नेमच सोडून दिला. मळलेल्या नळीने एका साम्राज्याच्या बंदुकीचं माप ठरवलं, असं म्हणण्यात मला अतिशयोक्ती वाटत नाही.

पुढे याहून मोठी गोष्ट घडली. १८५३ ची एनफिल्ड बंदूक आटेवाली, म्हणजे नळीत आतून पीळदार खाचा असलेली होती, गोळी नळीला धरून बसायला हवी होती आणि किटणाचा प्रश्न तर तसाच होता. म्हणून काडतुसाच्या कागदाला चरबी लावायचं ठरलं. चरबी किटण मऊ ठेवते आणि गोळी सरकवते. ती कुठल्या जनावराची, यावरून १८५७ मध्ये काय पेटलं ते शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. पण चरबी तिथे मुळात का होती, हे पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. ती काळ्या दारूच्या मळापायी होती. मराठवाड्यात तेव्हा हैदराबाद कंटिंजंटची, म्हणजे निजामाच्या राज्यातल्या, इंग्रज अधिकाऱ्यांखालच्या फौजेची ठाणी होती: औरंगाबाद, जालना, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आपलं अंबाजोगाई. जून १८५७ मध्ये औरंगाबादच्या घोडदळात उठाव झाला. त्या उठावाची कारणं निव्वळ काडतुसांची नव्हती. दिल्लीच्या बादशहाविरुद्ध चालून जायला सांगतील ही धास्ती त्यामागे होती. छत्रपती संभाजीनगरात क्रांती चौकातला काळा चबुतरा त्या शिपायांच्या शिक्षेची जागा म्हणून ओळखला जातो.

टोपीची बंदूक आली ती स्कॉटलंडच्या अलेक्झांडर फोर्साइथ या पाद्र्याच्या १८०७ च्या पेटंटमुळे. ठोका बसला की पेटणारं रसायन त्याने वापरलं. पुढे ते तांब्याच्या इवल्याशा टोपीत आलं. त्या टोपीवरच सॅम्युअल कोल्टने १८३६ मध्ये अमेरिकेत फिरत्या चकरीच्या पिस्तुलाचं पेटंट घेतलं. त्याचं १८५१ चं नेव्ही मॉडेल, ०.३६ इंची, सहा बारी, आज सगळ्यांत जास्त नक्कल होणाऱ्या हत्यारांपैकी आहे. टोपीने सोय केली, तशी एक नवी कटकटही आणली. जुन्या टोप्यांतलं पोटॅशियम क्लोरेट जळल्यावर मिठाच्या जातीचा क्षार सोडतं. म्हणजे दारूचा क्षार होताच, त्यात टोपीचा आणखी.

१८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएय याने बिनधुराची दारू तयार केली आणि दहा-पंधरा वर्षांत फौजांनी काळी दारू सोडून दिली. इथेच हा विषय संपायचा. पण १९६१ ला अमेरिकेतल्या यादवी युद्धाची शंभर वर्षं पूर्ण होणार होती, आणि त्या लढाया पुन्हा रचून दाखवणाऱ्या हौशी लोकांना हत्यारं हवी होती. न्यू जर्सीच्या व्हॅल फॉरगेट या व्यापाऱ्याने १९५० च्या दशकाच्या अखेरीस वाल त्रोम्पियातल्या कारागिरांना गाठलं. आल्दो उबेर्ती त्यांच्यातला. नेव्ही मॉडेलची नक्कल तिथून निघाली आणि एक उद्योगच उभा राहिला. १९६८ च्या अमेरिकी कायद्याने अशा जुन्या बनावटीच्या प्रतिकृतींना नेहमीच्या बंदुकांच्या नियमांतून बरीच मोकळीक दिली. व्हिडिओत दिसणारी ती सहजता तिथल्या कायद्याची देणगी आहे.

साफसफाईची रीत दीडशे वर्षांत फारशी बदललेली नाही. आधी हत्यार रिकामं आहे ना, टोप्या काढल्या ना, ते दोनदा बघायचं. मग नळीची पाचर काढून नळी, चकरी आणि सांगाडा वेगळे करायचे, लाकडी मूठ बाजूला ठेवायची. टोप्या बसतात ती चकरीच्या मागची छोटी नळकांडी पान्याने काढायची, कारण त्यांच्या आट्यांतच गंज पहिला धरतो. गरम पाणी, थोडा साधा साबण, पितळी ब्रश, चिंध्या. पाणी शाईसारखं काळं होतं आणि सडक्या अंड्याचा वास येतो. तो गंधकाचा आहे, घाबरायचं कारण नाही. चिंधी पांढरी निघेपर्यंत हे चालू ठेवायचं. गरम पाण्याचा फायदा असा की लोखंड तापतं आणि स्वतःच्या उबेने सुकतं. तरी सांदीकोपरे कोरडे करावेच लागतात. तेलाचा पातळ हात फिरवायचा तो त्यानंतर, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एक चिंधी फिरवून तांबूस डाग येतो का ते बघायचं.

तेलाबद्दल मराठवाड्यातल्या माणसाला वेगळं सांगायला हवं. आपल्या घरात करडई आणि जवस पिढ्यान् पिढ्या आहे, आणि हात आपोआप त्या बरणीकडे जातो. ही दोन्ही सुकणारी तेलं आहेत. पातळ थर हवेत राहिला की तो घट्ट होतो, चिकटतो, शेवटी वार्निशासारखा बसतो. लाकडी दस्त्याला जवसाचं तेल उत्तम, कारण तिथे सुकणंच हवं असतं. घोड्याच्या आणि चापाच्या यंत्रात मात्र ते अजिबात नको. दुसऱ्या टोकाला, खनिज तेलाचा जाड थर नळीत ठेवून वर काळी दारू उडवली तर डांबरासारखी राळ तयार होते. म्हणून बार काढण्याआधी नळी पुसून कोरडी करतात. बिनधुराची दारू या हत्यारात कधीही, कुठल्याही प्रमाणात घालायची नाही. तिचा दाब काळ्या दारूच्या हत्याराला पेलवत नाही, हत्यार हातात फुटतं.

हत्यार धुण्याला आपल्याकडे नुसतं कामाचं नाही, मानाचं स्थान आहे. खंडेनवमीला घरातली पाती घासूनपुसून पुजली जातात. नांदेडला तख्त सचखंड हुजूर साहिब इथे गुरू गोविंदसिंहांची शस्त्रं आहेत, त्यांत तोड्याची बंदूकही आहे. दिवाळीच्या सुमारास तख्तस्नानाला गोदावरीचं पाणी आणून गुरुद्वारा धुतला जातो आणि शस्त्रांची स्वच्छता होते. तीनशेहून अधिक वर्षांचं पोलाद अजून बघायला मिळतं, त्यात अशा नेमाचा वाटा मोठा आहे. याउलट आपल्या किल्ल्यांवरच्या तोफांवर लोक नावं कोरतात आणि तोंडात दगड भरतात. ते बघून जीव तुटतो.

आता ठेवता येतं का, याबद्दल. भारतात शस्त्र अधिनियम १९५९ लागू आहे आणि त्यात स्फोटकाच्या जोराने गोळी फेकणारं कुठलंही हत्यार हे अग्निशस्त्र आहे. ते १८५१ च्या नमुन्याचं आहे म्हणून सूट नाही. इटलीत काल बनलेली, बार काढू शकणारी प्रतिकृती इथे परवान्याशिवाय बाळगणं हा गुन्हा आहे, आणि सामान्य नागरिकाला हत्यार आयात करायची वाट १९८० च्या दशकाच्या मध्यापासून जवळजवळ बंद आहे. कलम ४५ मधली सवलत आहे ती जुनाट किंवा पुरातन मोलाच्या, आणि दुरुस्त करूनही बार काढू न शकणाऱ्या हत्याराला. हे ठरवण्याचा अधिकार मालकाने स्वतःकडे घेऊ नये.

याच कायद्यात ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे, आणि तो शेतकऱ्याशी जोडलेला आहे. कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. पिस्तुलाला ती लागू नाही; त्यासाठी सबळ कारण दाखवावं लागतं. रानडुकरांनी आणि रोह्यांनी पिकं तुडवलेल्या कुणालाही ही तरतूद का आली ते समजावून सांगायची गरज नाही. तिचा अर्थ मात्र नीट घ्यायचा: परवाना बंदुकीचा असतो, शिकारीचा नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली परवानगीवाचून प्राणी मारता येत नाही, म्हणून अशा बंदुकीचा बार बहुधा हवेत, आवाजासाठी काढला जातो. निवडणुकीच्या काळात परवान्याची बरीच हत्यारं पोलीस ठाण्यात जमा होतात. जमा करण्याआधी ती धुऊन तेल लावून द्यावीत, कारण परत मिळेपर्यंत त्यांना कुणाचा हात लागत नाही.

एखाद्या वाड्याच्या माळ्यावर आजोबांच्या वेळची ठासणीची बंदूक किंवा तमंचा सापडला तर धुवायची घाई करू नये. जुनी हत्यारं भरलेल्या अवस्थेतच टांगलेली असणं अगदी नेहमीचं आहे, आणि कोरडी राहिलेली काळी दारू कित्येक दशकांनीही पेटते. घोड्याला आणि चापाला बोट लावायचं नाही, तोंड कुणाकडे वळवायचं नाही, आत गज घालून खटपट करायची नाही. पोलीस ठाण्याला कळवायचं आणि ते सांगतील त्या परवानाधारक कारागिराकडून ती रिकामी करून घ्यायची. तो बाहेरून मोजलेली नळीची लांबी आणि आत उतरलेल्या गजाची लांबी ताडून बघतो; फरक निघाला तर बार अजून आत आहे असं समजायचं.