डीएनए जुळला, पण मोजला कशाने?

जपानच्या तोचिगी आणि गुन्मा या शेजारशेजारच्या प्रांतांत १९७९ ते १९९६ या काळात चार ते आठ वर्षांच्या पाच मुली नाहीशा झाल्या. चौघींचे मृतदेह मिळाले, पाचवी आजही बेपत्ता आहे. खरा गुन्हेगार मोकळाच राहिला. तरीही यातल्या एका खुनासाठी भलताच माणूस साडेसतरा वर्षे तुरुंगात होता, आणि त्याला तिथे पोहोचवण्यात डीएनए चाचणीचा मोठा हात होता.

मे १९९० मध्ये आशिकागा शहरात चार वर्षांच्या मुलीचा खून झाला. नदीतून मिळालेल्या तिच्या अंतर्वस्त्रावर वीर्याचा डाग होता. संशय बालवाडीच्या बसचालकावर गेला. तेव्हाच्या चाचणीत पहिल्या गुणसूत्रावरची एकच जागा तपासत. तिथे डीएनएच्या १६ अक्षरांचा (म्हणजे रासायनिक घटकांचा) तुकडा पुन्हा पुन्हा येतो. किती वेळा, ते माणसागणिक बदलते. एक आकडा आईकडून मिळतो, एक वडिलांकडून. डागातले आकडे १६ आणि २६ आले, चालकाचेही तेच आले. डिसेंबर १९९१ मध्ये अटक झाली. चौकशीत त्याने गुन्हा कबूल केला, पुढे तो नाकारला. जन्मठेप कायम राहिली.

चूक मोजमापात होती. डीएनएचे तुकडे जेल नावाच्या जेलीसारख्या थरातून विजेने पळवतात आणि शेजारी ठेवलेल्या ज्ञात लांबीच्या तुकड्यांशी ताडून पाहतात. इथे त्या मोजपट्टीच्या खुणा १२३ अक्षरांच्या अंतरावर होत्या आणि ओळखायचा फरक होता १६ अक्षरांचा. फुटाफुटावरच खुणा असलेल्या पट्टीने इंच मोजावेत, तसे ते झाले. शिवाय त्या प्रकारच्या जेलमध्ये तुकड्याचा वेग केवळ लांबीवर ठरत नाही. अक्षरांचा क्रमही तो बदलतो. पुढे त्याच जागेच्या तुकड्यांपासून बनवलेली पट्टी आली, तेव्हा जुने १६-२६ म्हणजे १८-३० असे ठरले. चालकाच्या केसांची वकिलांनी करवून घेतलेली चाचणी मात्र १८-२९ आली. तरी २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचे अपील फेटाळले. अखेर २००९ मध्ये जपून ठेवलेल्या त्याच कपड्याची नव्या पद्धतीने, अनेक जागा तपासून, फेरचाचणी झाली. डीएनए त्याचा नव्हता. २०१० मध्ये तो निर्दोष सुटला. पण या गुन्ह्यासाठी खटला भरण्याची कायदेशीर मुदत २००५ मध्येच संपली होती.

मोजणी अचूक असती, तरीही प्रश्न उरला असता. रक्तगट धरून असा मेळ हजारात १.२ माणसांत आढळतो, असे तेव्हा सांगितले गेले. ऐकायला हे दुर्मीळ वाटते. २०११ च्या जनगणनेत गोव्यात सुमारे ७.३९ लाख पुरुष होते. हाच हिशेब लावला तर पेडण्यापासून काणकोणपर्यंत जवळपास ८९० जण जुळतील. आज वीसहून अधिक जागा एकदम तपासतात, म्हणून योगायोग जवळजवळ संपतो. तोही नमुना चांगला असेल तरच.

नमुना फक्त मूळ नसलेल्या केसाचा असेल, तर बहुधा मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागांच्या) १६,५६९ अक्षरी डीएनएवर भागवावे लागते. तो आईकडून येतो. भावंडे, मावशी, मावसभाऊ यांच्यात सारखाच असतो. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये १९७६-७७ साली दहा ते बारा वर्षांच्या चार मुलांचे खून झाले, ते अजून उलगडलेले नाहीत. एका संशयिताच्या गाडीत सापडलेल्या केसाचा हा डीएनए दोन मुलग्यांच्या मृतदेहांवरच्या केसांशी जुळल्याचे २०१२ मध्ये जाहीर झाले. मात्र तो केस गाडीच्या मालकाचा नव्हता. अशा मेळातून तपासाला दिशा मिळते. एकट्या त्याच्या बळावर कुणाला दोषी धरता येत नाही. न जुळणे मात्र संशयिताला वगळण्यासाठी फार भक्कम असते.

गोव्यात हा सगळा खेळ दमट हवेशी आहे. ओलसर कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला की बुरशी आणि जिवाणू डीएनए फस्त करतात. म्हणून डागाचा कपडा सावलीत, स्वच्छ कागदावर, खोलीच्या तापमानाला पूर्ण सुकवायचा. ऊन नको, हेअर ड्रायर नको. मग कागदी पाकीट, प्रत्येक वस्तूला वेगळे. पाकीट जिभेने ओले करून चिकटवले तर चिकटवणाऱ्याचा डीएनए आत जाण्याचा धोका. संशयिताचे कपडे आणि बळी पडलेल्या मुलाचे कपडे एकाच टेबलावर, त्याच हातमोज्यांनी हाताळले, तर पुढे जुळण्याला काहीच अर्थ उरत नाही. रक्त ईडीटीए (रक्त गोठू न देणारे रसायन) असलेल्या जांभळ्या झाकणाच्या नळीत घ्यावे. रक्त न गोठू देणारे दुसरे रसायन, हेपॅरिन, चाचणीतल्या रासायनिक क्रियेत अडथळा आणते. शवचिकित्सेत डीएनएसाठी काढलेला ऊतीचा तुकडा फॉर्मेलिनमध्ये (ऊती टिकवण्याच्या द्रावणात) टाकला की डीएनए तुटतो. मृतदेह कुजलेला असेल तर मांडीच्या हाडाचा मधला भाग किंवा दाढ घ्यावी.

सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) मध्ये आहे. माझ्या मते तितकेच महत्त्वाचे काम प्रयोगशाळेनंतर सुरू होते: उरलेला नमुना जपण्याचे. जपानमध्येच इइझुका इथे १९९२ साली सात वर्षांच्या दोन मुलींचा खून झाला. तिथेही तीच जुनी चाचणी वापरली गेली, आणि नमुना तपासणीतच संपला. आरोपीला ऑक्टोबर २००८ मध्ये फाशी झाली. फेरचाचणीसाठी काही शिल्लकच नव्हते. म्हणून शक्य असेल तेव्हा डागाचा निम्मा भाग न कापता ठेवावा, त्यातून काढलेल्या डीएनएच्या अर्काचा उरलेला थेंब गोठवावा, आणि किती वापरले व किती उरले हे अहवालात लिहावे. आरोपीच्या वकिलाने सर्वांत आधी अहवालातली हीच ओळ शोधावी.